मेद आणि त्वचा : एका विस्मृत नात्याचा मागोवा

त्वचेच्या विकारांना नावे देण्यात मराठी भाषा उदार आहे. खरूज, नायटा, गजकर्ण, इसब, शिबे, चिखल्या, कोड, रक्तपिती अशी नावांची रांगच आपल्या आजी-पणजींच्या तोंडी असे आणि यांपैकी बहुतेकांवर त्यांच्यापाशी एखादा लेप अथवा काढाही असे. देहाच्या वजनाविषयीही शब्दांची वानवा नाही. गुटगुटीत, बाळसेदार, अंगाने भरलेला, खात्यापित्या घरचा हे शब्द कौतुकाचे. रोड, हडकुळा, किडकिडीत, वाळलेला हे काळजीचे. या दोन शब्दसमूहांचा परस्परांशी काही संबंध असावा, अशी शंका मात्र आपल्या घरांतून कोणास आल्याचे ऐकिवात नाही. अंगावरचे चट्टे हा एक विषय आणि अंगावरचे मांस हा दुसरा.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वैद्यकशास्त्राने हे दोन विषय एकत्र आणले आहेत. वाढलेले वजन आणि त्वचेचे काही चिवट, दीर्घकाळ चालणारे विकार यांचे नाते आता चांगलेच प्रस्थापित झाले आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा विद्यार्थी नव्हे. महसूल खात्यातील नोकरीत कागदपत्रे वाचण्याची जी सवय जडली, तिच्या बळावर या नात्याचा इतिहास धुंडाळण्याचा हा प्रयत्न आहे. तो करताना असे आढळले की हे नाते नव्याने सापडलेले नाही. ते पूर्वी माहीत होते, पुढे हरवले आणि पुन्हा सापडले. ते हरवल्याची किंमत काही घरांना बरीच मोजावी लागली.

ज्या विकाराच्या आधारे हे नाते सर्वांत स्पष्ट झाले, तो सोरायसिस होय. कोपरे, गुडघे, पाठीचा खालचा भाग आणि डोक्याची त्वचा यांवर लालसर जाड चट्टे उठतात व त्यांवर रुपेरी पापुद्रे सुटतात. निरोगी त्वचेचा वरचा थर बदलण्यास सुमारे चार आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये हे काम काही दिवसांतच उरकले जाते, म्हणून पापुद्र्यांचा सडा पडतो. रोगप्रतिकारक यंत्रणेच्या बिघाडातून हा विकार होतो, त्याला आनुवंशिकतेचे अंग आहे, काहींचे सांधेही त्यात धरतात. तो स्पर्शाने पसरत नाही. भारतात झालेल्या निरनिराळ्या पाहण्यांत त्याचे प्रमाण शेकडा अर्ध्यापासून पावणेतीनपर्यंत आढळले आहे. म्हणजे हुबळी-धारवाडसारख्या जुळ्या शहरांत त्याचे रुग्ण हजारांनी मोजावे लागतील.

आता मूळ ग्रंथांकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तेविसावा अध्याय ‘संतर्पणीय’ या नावाने ओळखला जातो. संतर्पण म्हणजे तृप्ती, पोषण. त्याचा अतिरेक झाला असता कोणते रोग होतात याची यादी या अध्यायात आहे. कारणे म्हणून जे सांगितले आहे ते वाचताना आपल्याच घरातील चित्र पाहिल्यासारखे वाटते. स्निग्ध, गोड व जड पदार्थ, नवे धान्य, दुधाचे, गुळाचे व पिठाचे प्रकार, हालचालीचा कंटाळा, दिवसा झोप, मऊ शय्या आणि सुखाचे आसन. (सरकारी खुर्चीचा उल्लेख तेवढा राहून गेला आहे.) रोगांच्या यादीत प्रमेह आहे, अतिस्थौल्य आहे, आळस आहे, आणि त्यांच्याच पंक्तीला कंडू म्हणजे खाज, कोठ म्हणजे अंगावर उठणाऱ्या गांधी, व कुष्ठ हेही बसलेले आहेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही अतिपोषणाच्या दुष्परिणामांत स्थौल्य व कुष्ठ यांची नावे एकाच यादीत येतात. दोन्ही ग्रंथांचा उपचारही एकाच दिशेचा आहे : शोधन, उपवास, व्यायाम, रूक्ष अन्न. चरकाने त्याआधीच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल मनुष्याचे जे आठ दोष सांगितले आहेत, त्यांत अतिस्वेद आणि दुर्गंधी या दोन त्वचेच्याच तक्रारी आहेत.

येथे थोडे सावध असले पाहिजे. ‘आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ असे म्हणून टाळ्या घेणे सोपे असते. चरकाचे कुष्ठ म्हणजे सोरायसिस नव्हे. कुष्ठ हा अठरा प्रकारांचा मोठा गठ्ठा आहे. त्यात ज्याला आपण महारोग म्हणतो तो आहे, तसेच इसबासारखे साधे विकारही आहेत. त्यांपैकी माशाच्या खवल्यांची उपमा दिलेले ‘एककुष्ठ’ किंवा खरखरीत ‘किटिभ’ यांत आजचे वैद्य सोरायसिस ओळखतात, पण ती ओळख आजची. शिवाय चरकाने कोणाचे वजन केले नव्हते की रुग्ण मोजले नव्हते. तरीही अतिपोषण, मेद आणि त्वचा यांना एका सूत्रात ओवण्याइतके निरीक्षण त्या काळी झाले होते, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

परंतु त्याच संहितेत चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात कुष्ठाची कारणे सविस्तर दिली आहेत. तेथे विरुद्ध आहाराबरोबर आणखी एक कारण नोंदले आहे : गुरुजनांचा अवमान आणि पापकर्म. म्हणजे पुढील पिढ्यांपुढे दोन कारणे ठेवली गेली. एक ताटातले, दुसरे पूर्वसंचितातले. समाजाने यांतले दुसरे उचलले. डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांचा ‘सार्थ वाग्भट’ आपल्याकडील कित्येक जुन्या घरांच्या कपाटांत असे. त्यातील आहारविहाराचे अध्याय ज्यांनी वाचले ते वाचकही त्वचेवर चट्टा दिसला की ताटाकडे न पाहता पत्रिकेकडे पाहत.

वजनाचा विषय निघाला आहे तर तेही पाहू. आपल्या इतिहासात माणसाचे वजन केले जाई ते दानासाठी. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकप्रसंगी शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली. त्या वेळी तेथे असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याने सुमारे १६,००० होन भरल्याची नोंद केली आहे. तराजूच्या एका पारड्यात देह आणि दुसऱ्यात सोने : आपल्या मनात देहाच्या वजनाचा आणि ऐश्वर्याचा संबंध किती खोल आहे, याचे याहून बोलके चित्र मिळणार नाही. आरोग्यासाठी स्वतःला तोलण्याचा उद्योग त्याआधी साठ वर्षे इटलीतील सांतोरिओ नावाच्या वैद्याने केला होता. पादुआ विद्यापीठातील या गृहस्थाने तराजूला टांगलेली खुर्ची करविली, तीत बसून जेवण्यापूर्वीचे व नंतरचे वजन घेतले, आणि तीस वर्षे हिशेब ठेवून १६१४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. खाल्ल्यापिल्ल्यापैकी मोठा भाग मलमूत्राने नव्हे, तर नकळत होणाऱ्या बाष्पोत्सर्गाने शरीराबाहेर जातो असा त्याचा निष्कर्ष होता. वजन आणि त्वचा यांची आकड्यांनी घातलेली पहिली गाठ हीच म्हणावी लागेल. उंची व वजन यांचे गुणोत्तर काढण्याचे सूत्र बेल्जियमच्या केतले या गणितज्ञाने १८३०च्या दशकात मांडले. आज ज्याला बॉडी मास इंडेक्स किंवा बीएमआय म्हणतात ते हेच, आणि हे नाव त्याला १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी दिले. आपल्या पिढीची वजनाशी ओळख झाली ती रेल्वेच्या फलाटांवरील यंत्रांमुळे. नाणे टाकावे, दिवे लुकलुकावेत आणि जाड पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडावे. एका बाजूस वजन व दुसऱ्या बाजूस भविष्य. आम्ही भविष्य आधी वाचत असू.

युरोपातही त्वचारोगांचा गठ्ठा सुटायला फार काळ लागला. ग्रीकांचा ‘लेप्रा’ हा शब्द मुळात खवल्यांच्या विकाराला लावलेला. पुढे भाषांतरांच्या घोळात तो महारोगाला चिकटला, आणि सोरायसिसचे कित्येक रुग्ण मध्ययुगात महारोगी म्हणून गावाबाहेर काढले गेले असावेत असे इतिहासकार मानतात. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या विकाराचे वर्णन नेमकेपणाने केले, पण त्याच्या एका प्रकाराला ‘लेप्रा’ हे नाव तसेच ठेवले. ते नाव काढून टाकून सोरायसिस आणि महारोग यांची कायमची फारकत केली ती व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी, १८४१ साली. महारोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांना १८७३ मध्ये दिसला. हिंदुस्थानात महारोग्यांसंबंधीचा कायदा १८९८ मध्ये झाला.

व्हिएन्नात झालेली फारकत आपल्या वाड्यांपर्यंत पोहोचण्यास मात्र शंभर वर्षेही पुरली नाहीत. माझ्या वडिलांचे एक चुलते होते. त्यांना घरात सर्व आबा म्हणत. त्यांच्या कोपरांवर व पायांवर चट्टे उठले आणि घरात कुजबूज सुरू झाली ती रक्तपितीची. मागील दारची खोली त्यांना देण्यात आली. ताट-वाटी वेगळी, पंगतीला बोलावणे बंद. घरात लग्नाच्या मुली होत्या, तेव्हा आबांचे नावही पाहुण्यांसमोर काढले जात नसे. घर निर्दय नव्हते. उलट, त्यांची दया येई आणि ती दया शिऱ्याच्या, बेसनाच्या लाडवाच्या रूपाने मागल्या खोलीत जाई. काम नाही, फिरणे नाही, लोकांत मिसळणे नाही, आणि वेळच्या वेळी साजूक तुपातले खाणे. मूळचेच स्थूल असलेले आबा आणखी फुगले आणि चट्टे पाठीवर पसरले. हुबळीत मेडिकल कॉलेज सुरू झाले ते १९५७ मध्ये. त्याआधी अवघड दुखणे म्हटले की आपली मंडळी मिरजेची गाडी धरीत. आबांनाही शेवटी मिरजेस नेले. तेथील एका डॉक्टरांनी चट्ट्यांना संवेदना आहे हे दाखवून हा महारोग नव्हे, स्पर्शजन्यही नव्हे, असे स्वच्छ सांगितले. घरच्यांनी ते मानले. आबा मात्र पुढे कधी पंगतीस बसले नाहीत.

ही हकीकत मी वडिलांकडून ऐकली तेव्हा तिच्यात मला केवळ रूढीचा जाच दिसला होता. पुढे वैद्यकीय वाचन घडले तेव्हा ध्यानात आले की रोगाने माणूस कोंडला जातो, कोंडलेला माणूस स्थूल होतो आणि स्थूलतेने रोग बळावतो, हे चक्र त्या मागल्या खोलीत फिरत होते.

एकोणिसाव्या शतकात वजनाचे अंग मागे का पडले, याचे उत्तर मलमांत सापडते. हेब्रा यांनी शरीरातील दूषित रसांची जुनी कल्पना झुगारली आणि त्वचेकडे त्वचा म्हणून पाहिले. शास्त्राच्या दृष्टीने ते मोठेच पाऊल. परंतु त्यामुळे उपचार बाहेरून लावण्याच्या द्रव्यांवर केंद्रित झाला. या मलमांच्या इतिहासात आपल्या शेजारच्या गोव्याचे नाव अजरामर झाले आहे. ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडातून मिळणारी पिवळसर भुकटी पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात येई व तेथून मुंबईकडे जाई. नायट्यावर ती रामबाण मानली जाई. इंग्रजांनी तिचे नाव ‘गोवा पावडर’ ठेवले. १८७०च्या दशकात लंडनच्या बालमॅनो स्क्वायर यांनी तिच्यापासून केलेले मलम सोरायसिसवर वापरले आणि ते गुणकारी ठरले. कपडे, अंथरूण व कातडी जांभळट-तपकिरी रंगवणारे हे औषध पहिल्या महायुद्धात मिळेनासे झाले, तेव्हा जर्मनीत त्याच्या धर्तीवर डिथ्रॅनॉल तयार करण्यात आले. १९१६ मध्ये गालेव्स्की यांनी ते वापरात आणले आणि ते अनेक दशके टिकले. आपल्या बावचीचीही कथा अशीच आहे. कोडावर लावण्याची ही जुनी बी. तिच्यात असणाऱ्या सोरालेन या द्रव्यवर्गाचे औषध पोटात घेऊन विशिष्ट किरण अंगावर घेण्याची पद्धत अमेरिकेत १९७४ पासून सोरायसिससाठी रूढ झाली. औषधे गुणकारी होती यात शंका नाही. पण चट्टा पुसता येतो म्हटल्यावर ताटाची चौकशी कोण करणार? अमेरिकेतील बल्कली यांनी शाकाहाराचा आणि जर्मनीतील ग्रुट्झ व बर्गर यांनी १९३३ मध्ये कमी स्निग्ध आहाराचा पुरस्कार केला होता. त्यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही.

ते मनावर घ्यावे अशी घटना पुढे युद्धात घडली. दुसऱ्या महायुद्धात जपानने डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, जिंकला आणि तेथील डच लोकांना छावण्यांत डांबले. अन्न अत्यल्प, माणसांचे सांगाडे झालेले. सिमन्स नावाच्या डच त्वचारोगतज्ज्ञांनी या उपासमारीच्या छावण्यांतील सोरायसिसच्या रुग्णांचा अभ्यास १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. छावणीत कित्येकांचे वर्षानुवर्षांचे चट्टे मावळले होते. उष्ण कटिबंधातील उन्हाचाही त्यात वाटा असू शकतो, हे खरे. पण उपासमार आणि चट्ट्यांची माघार यांची जोडी वैद्यकाच्या दप्तरी नोंदली गेली ती अशी, यातनांच्या मार्गाने.

उपासमारीचा विषय आपल्या भागाला परका नाही, आणि वजनाकडे आपण असे प्रेमाने का पाहतो याचे मूळही मला तेथेच दिसते. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्याने इंग्रजांच्या साहाय्याने १७९१ मध्ये टिपूच्या फौजेकडून धारवाडचा किल्ला घेतला, त्याच सुमारास या मुलखात भीषण दुष्काळ पडला. त्याची ‘कवटीचा दुष्काळ’ ही आठवण मराठीत आणि ‘डोगी बरा’ ही कानडीत राहिली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात धारवाड, बेळगाव व कलादगी हे जिल्हे होरपळले. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाला पौंडभर धान्य पुरे, असे ठरविले. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्यावर कष्टकऱ्याचा देह तगणार नाही असा विरोध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने मजुरांची बाजू मांडली. ज्या कुटुंबांनी अशी दोन-तीन संकटे पाहिली, त्यांना नातवाच्या दंडावरील वळी ही शांतीची खूण वाटली तर नवल काय? शिवाय क्षीण देहाची त्वचाही निरोगी नसते. आपल्या ज्वारीच्या भाकरीचेच उदाहरण घ्या. ज्वारीवाचून दुसरे अन्न ज्यांना मिळत नाही अशा दख्खनच्या गरीब मजुरांत उन्हाने काळवंडून सोलणारी त्वचा, अर्थात पेलाग्रा, का आढळतो याचा शोध हैदराबाद येथे डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६०च्या सुमारास घेतला. नियासिन या जीवनसत्त्वाची उणीव आणि ज्वारीतील ल्युसिन यांकडे त्यांनी बोट दाखविले. दूध, डाळ, भाजी यांसह खाल्लेल्या भाकरीला अर्थातच हा दोष लागत नाही.

मेद म्हणजे केवळ साठवणीचे कोठार, या समजुतीला तडा गेला तो १९९०च्या दशकात. मेदपेशी टीएनएफ नावाचे दाहकारक द्रव्य तयार करतात, हे १९९३ मध्ये प्रयोगाने दिसले. पाठोपाठ १९९४ मध्ये तृप्तीची वार्ता मेंदूकडे नेणारे लेप्टिन सापडले. चरबी हा स्वतःचे स्राव असणारा, साऱ्या शरीरात मंद आगटी पेटती ठेवणारा अवयवच ठरला. त्याच सुमारास सोरायसिसच्या चट्ट्यांतही टीएनएफ मोठ्या प्रमाणावर असल्याचे आढळले होते, आणि त्याला बांधून ठेवणारी इंजेक्शने २००४ नंतर या विकारासाठी मान्य झाली. दोन्ही वाटा एकाच द्रव्यापाशी येऊन मिळाल्या. या इंजेक्शनांनीही वजनाची साक्ष दिली : स्थूल रुग्णांस त्यांचा गुण कमी येतो, आणि उस्टेकिनुमॅब या औषधाची मात्रा तर १०० किलोच्या वर वजन असल्यास दुप्पट, ४५ ऐवजी ९० मिलिग्रॅम, द्यावी लागते.

तरीही खरा प्रश्न राहिलाच. आधी वजन की आधी चट्टे? हा प्रश्न वरवर पांडित्याचा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर रुग्णाची अब्रू अवलंबून असते. २००५ मध्ये युटा विद्यापीठातील तज्ज्ञांनी पाचशेहून अधिक रुग्णांना, अठराव्या वर्षी व रोग सुरू होताना तुमचा बांधा कसा होता, हे विचारले. त्यांचा निष्कर्ष असा की स्थूलता रोगानंतर येते. आमच्या आबांची गोष्ट त्यांनी ऐकली असती तर मान डोलावली असती. त्याच वर्षी इटलीत झालेल्या अभ्यासाने मात्र स्थूल व्यक्तींना रोगाचा धोका अधिक असल्याचे दाखवले. २००७ मध्ये अमेरिकेतील परिचारिकांचा दीर्घ अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचे बळ असे की त्यात वजनाची नोंद रोगाच्या आधी झालेली होती. ७८,६२६ स्त्रियांवर १४ वर्षे लक्ष ठेवले, त्यांपैकी ८९२ जणींना सोरायसिस झाला. ज्यांचा बीएमआय ३५ वा अधिक होता त्यांना सडपातळ स्त्रियांच्या मानाने धोका सुमारे पावणेतीनपट होता. अखेर २०१९ मध्ये नॉर्वे व ब्रिटन येथील माहितीसह सुमारे साडेसात लाख लोकांच्या जनुकांचा वेध घेण्यात आला. तर्क सरळ आहे : जन्मतः वजनवाढीचा कल देणारी जनुके रोगामुळे बदलत नाहीत, तेव्हा अशी जनुके असणाऱ्यांत रोग अधिक आढळला, तर वजन हे कारण ठरते. बीएमआयच्या प्रत्येक अंकामागे धोका सुमारे ९ टक्के वाढतो असे दिसले. उलट दिशेचा पुरावा जनुकांत फारसा मिळाला नाही. माझ्या मते याने आबांची खोली खोटी ठरत नाही. जनुके शरीराची बाजू सांगतात; घराने माणसाला कोंडले म्हणून वाढलेले वजन त्यांत लिहिलेले नसते.

वजन उतरवल्यास चट्टे उतरतात काय? कोपनहेगन येथे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६० स्थूल रुग्णांपैकी निम्म्यांना आठ आठवडे दिवसाला ८०० ते १,००० कॅलरींचा आहार व पुढे थोडा सैल आहार दिला. त्यांचे वजन इतरांपेक्षा सरासरी १५.४ किलोने अधिक घटले. त्वचेत सुधारणा दिसली, पण आकडेशास्त्राच्या कसोटीला ती थोडक्यात उतरली नाही. दैनंदिन जीवन मात्र निश्चित सुसह्य झाले. तेव्हा पंधरवड्यात सोरायसिस घालवण्याच्या ज्या जाहिराती आपण पाहतो, त्यांच्यासाठी हा पुरावा नाही. सडपातळ माणसांनाही हा विकार होतो, आणि उपवासासाठी औषध सोडणे हा धोक्याचा मार्ग आहे.

हे सारे आकडे गोऱ्या लोकांचे, आपल्याला ते कितपत लागू, असे कोणी विचारील. याचे उत्तर पुण्यातच मिळते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लंडनचे त्यांचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांच्यासमवेतचे एक छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले. दोघांचाही बीएमआय २२.३, दोघेही कागदोपत्री सडपातळ. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो, आपली बालके वजनाने लहान, तरी चरबीचा अंश राखून जन्मलेली. कृश दिसणारा हा मेदस्वी भारतीय म्हणजे दुष्काळांनी घडवलेला वारसा, असे कित्येक अभ्यासक मानतात. म्हणूनच आपल्याकडे २३च्या पुढे वजन जास्त आणि २५च्या पुढे स्थूलता धरावी, असे २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी ठरवले. पाश्चात्त्यांच्या मर्यादा २५ व ३० आहेत. या नव्या मापाने मोजल्यास आपल्यातील पुष्कळ ‘मध्यम बांध्याचे’ सद्गृहस्थ स्थूलांच्या यादीत जातील. जुन्या मापानेही चित्र फारसे सुखद नाही. २०१९च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातील सुमारे ३० टक्के स्त्रिया व तितकेच पुरुष जास्त वजनाचे आढळले. धारवाडी पेढ्याला त्यासाठी एकट्याला दोष देऊ नये. तोही बिचारा आपल्यासारखाच उत्तरेकडून येऊन येथे स्थायिक झालेला.

आपल्या मुलींच्या मानेवर येणारा काळसर, मखमली पट्टा हेही याच नात्याचे एक रूप आहे. दाखवण्याचा कार्यक्रम ठरला की तो मळ समजून बेसनाने, लिंबाच्या फोडीने, प्रसंगी वज्रीने घासला जातो. मुलगी रडवेली होते आणि मान लाल होते. या खुणेचे पहिले वर्णन १८९०च्या सुमारास युरोपात झाले, तेव्हा ती पोटातील कर्करोगाची निशाणी मानली गेली. क्वचित ती तशी असतेही. इन्शुलिन शरीराला लागू पडेनासे झाले की ही काळी छटा येते, हे अमेरिकेच्या रोनाल्ड कान यांनी १९७६ मध्ये दाखविले. ती मळ नव्हे. मेद वाढत असल्याची आणि मधुमेह दाराशी आल्याची ती वर्दी असते, आणि वजन घटले की पुष्कळदा ती आपोआप फिकी होते.

अलीकडे भूक कमी करणारी तिर्झेपटाइडसारखी इंजेक्शने २०२५च्या मार्चपासून भारतातही मिळू लागली आहेत. ती महाग आहेत आणि त्यांचा त्वचेवर काय परिणाम होतो याचे प्रयोग चालू आहेत. तोपर्यंत जाणता त्वचारोगतज्ज्ञ सोरायसिसच्या रुग्णाचे चट्टे तपासून झाले की साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल पाहतो आणि कंबरेचा घेर घेतो. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. त्यासाठी लागणारी फीत पूर्वी शिंप्याच्या गळ्यात असे. आता ती त्वचारोगाच्या दवाखान्यातील टेबलावर, मलमाच्या नमुन्यांशेजारी दिसू लागली आहे.